रांगेबाहेरचा ठिपका

पुष्पाबाई जपानहून परत आल्या त्या दिवशी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत कोणी विमानाचं विचारलं नाही, बर्फाचं विचारलं नाही, तिकडे काय खाल्लं-प्यायलं हेही विचारलं नाही. ओट्यावर साड्यांचा ढीग पडला होता. टिकल्या चिकटवायचं काम अर्धं बाकी होतं आणि संध्याकाळी शेठचा माणूस माल उचलायला येणार होता. पण ते सगळं बाजूला सारून शेजारच्या रंजनानं आधी तेवढंच विचारलं, “मावशी, टोचलं का मग?”

आता जपानला जाऊन कोणी कोणाला काय टोचणार, असं तुमच्या मनात येईल. येणारच. तेव्हा ते मुळापासून सांगितलेलं बरं.

पुष्पाबाई खानदेशातल्या, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या. साठी उलटून गेलीय, पण नजर अजून अशी की सुईत दोरा पहिल्याच झटक्याला ओवतील. कपाळावर गोंदण, हनुवटीवर गोंदण, दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, पायाच्या घोट्यावर विंचू. डाव्या हातावर तुळशीचं झाड आहे आणि त्याच्याखाली पाच ठिपक्यांची रांग. त्यातला चौथा ठिपका रांग सोडून खाली घसरलाय. कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं की पुष्पाबाई हसतात. म्हणतात, “तो नाही चुकला. मी चुकले.”

झालं होतं असं. आठ-नऊ वर्षांच्या असतील तेव्हाची गोष्ट. पौष महिन्यात त्यांची माय पार्वती त्यांना बैलगाडीत घालून उनपदेवला घेऊन जायची. तिथे डोंगराच्या कुशीत दगडी गोमुखातून गरम पाणी पडतं, बारा महिने तेरा काळ. बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी, आणि पाणी असं की अंगावर घेतल्यावर आधी किंचाळावं आणि मग हलूच नये. बाया लुगड्यासकट पाण्याखाली उभ्या राहायच्या. वाफेत कोण कोणाची माय ते दिसायचं नाही. पोरं नुसत्या आवाजावरून आपली माय शोधायची. पुष्पाबाई सांगतात, “त्या पाण्याला असा वास यायचा, काडीपेटीतली काडी ओढल्यासारखा. अजून नाकात आहे माझ्या.”

तिथल्याच जत्रेत गोंदणारी बाई बसायची. काजळाची वाटी, दोऱ्यानं बांधलेल्या सुया आणि तोंडानं अखंड बडबड. मायनं पोरीचा हात मांडीवर दाबून धरला. तुळस झाली, तीन ठिपके झाले, आणि चौथ्या ठिपक्याला पुष्पानं हिसका दिला. ठिपका घसरला. गोंदणारी कावली. माय मात्र हसली आणि तिथल्याच गरम पाण्याची ओंजळ हातावर सोडत म्हणाली, “दुखनं का व?” पोर डोळे पुसत म्हणाली, “नही.” धडधडीत खोटं.

परतीच्या वाटेवर मायनं समजावलं. मेल्यावर अंगावरचं सोनं-नाणं लोक काढून घेतात, लुगडं जळून जातं, पण गोंदण कोणी काढून घेत नाही. ते बरोबर येतं. वर तर सगळी गर्दीच गर्दी, उनपदेवच्या वाफेसारखी. तिथे माय लेकीला गोंदणावरून ओळखते. “आन् तुना तं ठिपका बी चुकेल शे,” माय म्हणाली. “तुले तं मी लांबथीनच वळखसू.”

ही एवढी गोष्ट पुष्पाबाईंच्या मनात जी रुतून बसली ती बसलीच. लग्न झालं, नवऱ्याच्या, निंबाच्या मागे सुरतेला आल्या, पांडेसऱ्याच्या चाळीत संसार मांडला. निंबा कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला होता. रोज संध्याकाळी कोपरापर्यंत रंगलेले हात घेऊन घरी यायचा. आज लाल, उद्या जांभळा. पोरं दारात उभी राहून पैज लावायची, आज बापाचे हात कुठल्या रंगाचे म्हणून. पुष्पाबाई चिडवायच्या, “तुमचं गोंदण बरं! रोज नवीन!” निंबा म्हणायचा, “तुझं बरं. एकदाच दुखलं.” हिवाळ्याच्या सकाळी मिलच्या मागच्या नाल्यातून रंगीत पाणी वाफा टाकत जायचं आणि पुष्पाबाई पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन तिथे उगीचच थबकायच्या. वास औषधांचा, रंग विषारी. पण वाफ ती वाफच. डोळे मिटले की क्षणभर उनपदेव. मग मागून कोणीतरी खेकसायचं, “मावशी, रस्त्यात काय उभ्या राहिल्यात!”

निंबा गेला त्याला आता पाच वर्षं होतील. मुलगा धर्मेंद्र मिलमध्येच लागला. धाकटी उज्ज्वला मात्र हुशार निघाली. नर्सिंग शिकली, मग कुठल्याशा क्लासला जाऊन जपानी भाषा शिकायला लागली. सकाळी चहा गाळताना तोंडानं ते चिंग-मिंग चालू. आणि एक दिवस येऊन म्हणाली, “मम्मी, माझं सिलेक्शन झालं. तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. तुझ्या उनपदेवसारखं.”

पुष्पाबाईंचा ऊर भरून आला, पण लगेच मनात हिशेब सुरू झाला. लेक एवढ्या लांब जाणार. तिथे आपलं कोणी नाही. तिच्या अंगावर तर एक ठिपकासुद्धा नाही! लहानपणी शाळेतल्या पोरी हसतील म्हणून तिनं हात लावू दिला नव्हता, आणि निंबानं लेकीची बाजू घेतली होती. आता मात्र पुष्पाबाईंनी हट्टच धरला. एक ठिपका. फक्त एक. कपाळावर नको, हातावर नको, दिसणार नाही असा कुठेही.

“मम्मी, नाही चालत,” उज्ज्वला म्हणाली. “क्लासमध्ये सांगितलंय. गोंदलेलं असलं तर तिकडे त्या पाण्यात उतरू देत नाहीत.”

“हे बरं काढलंस! पाण्याला काय डोळे असतात?”

“पाण्याला नसतात, माणसांना असतात. त्यांच्याकडे गुंड लोक गोंदून घेतात.”

“म्हणजे तुझी माय गुंड?”

झालं. त्या दिवसापासून घरात धुसफूस सुरू. पुष्पाबाईंना वाटलं पोरगी बहाणे करतेय, लाज वाटते तिला आपली, आपल्या खेडवळ हाताची, आपल्या हनुवटीची. एकदा तर रागाच्या भरात तोंडून निघून गेलं, “जा मग! वर आलीस की मी तुले कशी वळखसू? परक्या बाईसारखी बाजूनं निघून जाईन.” दुसऱ्या दिवशी रविवार होता. बॅग घ्यायची म्हणून उज्ज्वला एकटीच बाजारात गेली आणि अंधार पडता पडता परतली. एवढ्या वेळात बॅग आणली तीही डावं चाक बिघडलेली. पुष्पाबाईंनी त्यावरूनही तोंड सोडलं.

तिसऱ्या दिवशी उधना स्टेशनवर निरोप. गाडी आली, धर्मेंद्रनं सामान चढवलं. पुष्पाबाईंचा राग एका क्षणात वितळला आणि त्यांनी लेकीला घट्ट मिठी मारली. आणि उज्ज्वलानं, तुम्हाला खरं वाटणार नाही, चटका बसल्यासारखं अंग आक्रसून घेतलं. “अं, नको ना मम्मी,” म्हणाली आणि सुटली. चढली डब्यात. खिडकीतून हात हलवला. पण ते हात हलवणं नुसतं नावाला. मिठीतून सुटलेली लेक पुष्पाबाईंच्या छातीत तशीच अडकून राहिली.

त्यानंतर तीन वर्षं गेली. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. लेक हसायची, पैसे पाठवायची, दवाखान्याच्या कपड्यांत उभी राहून म्हाताऱ्यांना दाखवायची. पुष्पाबाई रोज एकच विचारायच्या, “गेलीस का पाण्यात?” आणि उज्ज्वलाचं रोज नवीन उत्तर. आज ड्युटी होती. आज डोकं दुखत होतं. आज गर्दी होती. आज थंडी फार होती.

“थंडीत नाही तर काय वैशाखात जातात गरम पाण्यात?” पुष्पाबाई वैतागायच्या. फोन ठेवला की ओट्यावर येऊन बायांना सांगायच्या, “गंगेच्या काठी राहून नळाला आंघोळ करते माझी पोरगी! दगड आहे दगड. गोंदण नको, पाणी नको, मायची मिठी नको.” बाया टिकल्या चिकटवत माना डोलवायच्या. कमलताई, गल्लीतल्या सगळ्यांत थोरल्या, एकदा म्हणाल्या, “अगं, पोरी लांब गेल्या की अशाच होतात. तिचं मन आता तिकडलं झालं.” पुष्पाबाईंना ते फार लागलं. त्या दिवशी त्यांनी टिकल्या वेड्यावाकड्या लावल्या आणि अर्ध्या साडीवरच्या काढून परत लावाव्या लागल्या.

मग उज्ज्वलानं तिकीट पाठवलं. नोकरी पुढे वाढली होती, अजून कितीतरी वर्षं ती तिकडेच राहणार होती. म्हणाली, एकदा ये, बघून जा.

पुष्पाबाईंनी मनाशी ठरवलं की ही शेवटची संधी. त्यांनी आठवडी बाजारातल्या ओळखीच्या गोंदणारणीला गाठलं, तिच्याकडून सुयांचा जुडगा आणि काजळाची डबी मागून घेतली, एक ठिपका कसा पाडायचा ते स्वतःच्या मांडीवर टोचून शिकून घेतलं. डबी बटव्यात, बटवा भाकरीच्या फडक्यात, आणि फडकं शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याखाली. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. रंजना म्हणाली, “मावशी, विमानतळावर पकडतील तुम्हाला!” पुष्पाबाई म्हणाल्या, “पकडू देत. सांगीन, मायेची सुई आहे.” आता कळलं ना, परत आल्यावर पहिला प्रश्न तोच का होता ते?

तर ओट्यावर बसून पुष्पाबाई सांगायला लागल्या.

गाव म्हणाल तर एका ओढ्याच्या दोन्ही काठांना. लाकडाची काळपट घरं, कागदाच्या खिडक्या, उतरत्या छपरांवर बर्फ. आणि जिकडे बघावं तिकडे वाफ. गटाराच्या जाळीतून वाफ, घरांच्या मागून वाफ, पुलाखालून वाफ. “आपल्या मिलच्या नाल्यासारखीच गं, पण पाणी काचेसारखं. हात बुडवला तर रंग नाही लागत!” लोक भरदुपारी सुती झगे घालून, पायात लाकडी खडावा चढवून, बगलेत टॉवेल धरून या न्हाणीघरातून त्या न्हाणीघरात फिरतात. कोणाला कोणाची लाज नाही. वाफेवर रताळी उकडून विकतात. पुष्पाबाईंनी खाल्लं आणि म्हणाल्या, “रताळं आमचंच.” आणि वास? गाडीतून उतरल्या उतरल्या त्या थांबल्याच. काडीपेटीतल्या काडीचा वास. तोच. आठ वर्षांची पोर व्हायला त्यांना एक श्वास पुरला. तिथेच रस्त्यात उभ्या राहून रडायला लागल्या. उज्ज्वला घाबरली, “काय झालं मम्मी?” त्या म्हणाल्या, “काही नाही. माय आली होती.”

दुसऱ्या दिवशी लेकीचं काम बघायला गेल्या. म्हाताऱ्यांचं घर, स्वच्छ, उबदार. तिथेही झऱ्याचंच पाणी आणलेलं. उज्ज्वला एकेका आजीला खुर्चीवरून उचलायची, पाण्यात अलगद बसवायची, पाठ चोळायची, कानामागून पाणी सोडायची. स्वतः मात्र काठावर गुडघे टेकून, बाही वर करून, कोपरापर्यंत भिजलेली. एक आजी तर तिचा हात सोडायलाच तयार नव्हती. पुष्पाबाईंना अभिमान वाटला आणि त्याच्या पाठोपाठ टोचलंही. परक्यांच्या आया पाण्यात, आणि आपली लेक काठावर.

“म्हटलं, उद्या मला ने पाण्यात. तुझ्या त्या मोठ्या न्हाणीघरात. तर ही म्हणते कशी, मम्मी, तिथे परकर चालत नाही. काहीच चालत नाही!”

“अय माय व!” रंजनानं तोंडावर पदर घेतला. “म्हणजे उघडं?”

“उघडं. सगळ्या बाया. तिनं गोंदणाचंही परत काढलं, पण मी म्हटलं, जाऊ दे, तिथे मला ओळखतंय कोण? उनपदेवला जाऊन कोरडी परत आले तर माय काय म्हणेल?”

तर गेल्या. जुनं लाकडी न्हाणीघर, दारावर निळा पडदा, पुढे गल्ल्यावर एक पन्नाशीची बाई. तिनं पुष्पाबाईंकडे बघितलं आणि कमरेत वाकली. पुष्पाबाईंनी नमस्कार केला. ती आणखी वाकली. पुष्पाबाई आणखी वाकल्या. ती परत वाकली. “म्हटलं, काय ही मान देणारी बाई! पाय धरायला लावते की काय आता!” हळूहळू लक्षात आलं की ती बाई स्वागत करत नाहीये, माफी मागतेय. तिची नजर पुष्पाबाईंच्या हनुवटीवर होती, मग कपाळावर, मग हातांवर. उज्ज्वलाचा चेहरा पडला होता. ती भराभर जपानीत काहीतरी बोलत होती, हात जोडत होती, आवाज चढत होता. त्या बाईनं एक पाकीट काढलं. त्यात चामडीच्या रंगाच्या छोट्या चिकटपट्ट्या. गोंदणावर चिकटवायच्या आणि आत जायचं. तिनं कपाळ मापलं, हनुवटी मापली, हात बघितले, घोट्यावरचा विंचू बघितला, आणि पट्ट्या संपल्या.

“कपाळावर पट्टी, हनुवटीवर पट्टी,” पुष्पाबाई म्हणाल्या, “मी काय डोकं फोडून घेऊन आले होते?” बाया खदखदून हसल्या. पुष्पाबाईही हसल्या. पण न्हाणीघराच्या दारात त्या हसल्या नव्हत्या. तिथे त्यांना पहिल्यांदा कळलं की पोरगी तेव्हा बहाणे करत नव्हती. खरंच चालत नाही. ज्या गोंदणावर देवाच्या दारात आत घेतात, त्याच गोंदणावरून इथे उंबऱ्यावर अडवतात. त्यांनी पदर हातांवर ओढून घेतला. आयुष्यात कधी ओढला नव्हता.

बाहेर रस्त्याच्या कडेला, छोट्या छपराखाली, नुसते पाय बुडवून बसायची गरम पाण्याची दगडी पन्हाळी होती. तिथे कोणी कोणाला विचारत नाही. मायलेकी शेजारी शेजारी पाय सोडून बसल्या. पलीकडचे एक आजोबा जरा सरकले, त्यांना जागा करून दिली, विंचवाकडे बघून काहीतरी छान बोलले. उज्ज्वलानं सांगितलं, “म्हणतात, सुंदर आहे.” पुष्पाबाईंना बरं वाटलं. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं आणि थंडी उतरली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “उजू, मी तुला चुकीचं बोलले होते. तुझं खरं होतं.” मग ती गल्ल्यावरची बाई धावत धावत आली, हातात टॉवेल. मागच्या बाजूला एक लहान खोली आहे म्हणाली, एका घरच्या माणसांनी मिळून वापरायची, आतून कडी लावायची. तिथे कोणी बघायला नाही. तिथे आंघोळ करा.

“मग मी केली तिथे आंघोळ,” पुष्पाबाई म्हणाल्या. “बास. पाणी उनपदेवसारखंच.”

“ते झालं, पण टोचलं का?” रंजना सोडते थोडीच.

पुष्पाबाईंनी बटवा उघडला. सुयांचा जुडगा जसाच्या तसा, काजळाची डबी झाकणबंद. “नाही. तशाच परत आणल्या.”

“हात्तिच्या!” रंजना हिरमुसली. कमलताईंनी उसासा टाकला, “तू म्हणायचीस तेच खरं. दगडच आहे पोरगी.” पुष्पाबाईंनी बटव्याची नाडी आवळली. साडी मांडीवर ओढली आणि टिकल्या चिकटवायला लागल्या. रांग सरळ आली. शेठचा माणूस यायची वेळ झाली होती.

त्यांनी बायांना सांगितलं ते सगळं खरं होतं. त्यांनी सांगितलं नाही ते आता ऐका. पुष्पाबाई चारचौघीत रडत नाहीत, आणि हे सांगताना रडल्याशिवाय राहिल्या नसत्या.

खोली लहान होती. लाकडाच्या भिंती, मधोमध दगडी हौद, त्यात एका बांबूतून पाण्याची धार. वाफेनं सगळं धूसर. उज्ज्वलानं मम्मीला नळ दाखवला, बादली दाखवली आणि म्हणाली, “तू कर आरामात. मी बाहेर बसते.”

पुष्पाबाईंचा जीव तिळतिळ तुटला. इथेही? आता तर कोणी बघायलाही नाही! “का गं? मायबरोबर आंघोळ करायचीही लाज वाटते आता तुला? स्टेशनवर मिठी नको होती, इथे पाणी नको!” आवाज फुटला त्यांचा. “सांग ना एकदा स्पष्ट, उजू. मी काय केलं तुझं? तुझं मन खरंच इकडलं झालं का?”

उज्ज्वला दारातून परत आत आली. मग तिनं कडी लावली. पाठ फिरवली, सदरा काढला.

डाव्या खांद्याच्या खाली, कोणाच्या नजरेला कधीच पडणार नाही अशा जागी, तुळशीचं झाड होतं. मशीननं काढलेलं, रेघ बारीक. तुळशीखाली पाच ठिपके. आणि त्यातला चौथा रांग सोडून खाली घसरलेला.

पुष्पाबाईंनी आपला डावा हात वर धरला. लेकीच्या पाठीकडे बघितलं, हाताकडे बघितलं. वाफेत दोन्ही धूसर होतं, पण तो ठिपका काही चुकत नव्हता. मुद्दाम चुकवलेला होता तो. लेकीनं मायच्या हाताचा फोटो दाखवून सांगितलं होतं, असाच पाहिजे, असाच वाकडा.

“हे कधी केलंस?”

“बॅग आणायला गेले होते ना, त्या रविवारी.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“रागात होते. म्हटलं, तिकडे गेल्यावर सांगेन, तुला गार करेन. पण इथे आले आणि तू रोज विचारायला लागलीस, पाण्यात गेलीस का. मग कसं सांगू? सांगितलं असतं तर तू रडली असतीस, माझ्यामुळे झालं म्हणाली असतीस.”

पुष्पाबाईंना आता एकेक आठवायला लागलं. ड्युटी होती. डोकं दुखत होतं. गर्दी होती. थंडी फार होती. “म्हणजे तू... इथे आल्यापासून... एकदाही?”

“कसं जाणार? त्या पट्टीखाली एवढी तुळस मावत नाही, आज तुला अडवलं तसं मलाही अडवलं असतं. आणि ही घरच्यांची खोली एकटीला देत नाहीत, मम्मी. घरचं माणूस लागतं बरोबर.” उज्ज्वला हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “आजींना बसवताना हात बुडतात की माझे. कोपरापर्यंत.”

पुष्पाबाईंना काय वाटलं ते सांगायला शब्द कमी पडतील. आनंद झाला, भरभरून आनंद झाला, आणि त्याच आनंदाच्या पोटात कळही आली. सगळं गाव पाण्यात, आणि आपली लेक तीन वर्षं काठावर. आपल्या एका शब्दापायी. आणि आपण गल्लीभर सांगत सुटलो, दगड आहे म्हणून.

त्यांनी लेकीचा हात धरला आणि तिला पाण्यात उतरवलं. स्वतः तिच्या मागे उतरल्या. उज्ज्वलानं आधी श्वास ओढला, किंचाळलीच जवळजवळ, आणि मग हलेना. पाणी गळ्यापर्यंत आलं. वाफेत तिचा चेहरा दिसत नव्हता. पुष्पाबाईंनी ओंजळ भरली आणि तुळशीवर सोडली. परत भरली, परत सोडली. माय सोडायची तशी.

“दुखनं का व?” त्यांनी विचारलं.

“टोचताना नाही,” उज्ज्वला म्हणाली. “तू स्टेशनवर मिठी मारलीस ना, तेव्हा लई दुखलं.”